चुकीच्या खोलीत पोचलेली सुटकेस

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, मूळची दोन चाकांची सुटकेस आहे आणि स्वभावाने भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. काही बॅगा जन्मतःच धीट असतात. त्यांना कुठेही टाका, कुणाच्याही हाती द्या, त्या मजेत जातात आणि मजेत परत येतात. माझे तसे नाही. घरच्या माणसाचा हात माझ्या हँडलवरून सुटला की माझ्या पोटात गोळा येतो. त्या पोटात चौघांचे कपडे, टॉवेल आणि चपला कोंबलेल्या असतात, त्यामुळे गोळ्याला जागा फारशी मिळत नाही, एवढेच.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आधी प्लायवूडचा सांगाडा, मग त्यावर ताणून बसवलेले जाड निळे कापड, मग चेन. चेन शिवणाऱ्या बाईने ती दोनदा पुढेमागे ओढून पाहिली आणि मला शेजारच्या टेबलावर ढकलले. तिथून मी एका दुकानाच्या काचेत जाऊन उभी राहिले. रस्त्यावरचे लोक थांबून मला बघत, आणि मला उगीचच वाटे की आता हे मला पळवून नेणार. एक दिवस शिडी हलवताना दुकानातल्या पोराने माझ्या पाठीवर लांब ओरखडा काढला. मग माझी रवानगी मागच्या फळीवर, कमी किमतीच्या मालात झाली.

तिथून मला बाबांनी आणले. बाबा फ्रीज दुरुस्त करतात. त्यांनी दुकानदाराला ओरखडा दाखवून किंमत आणखी कमी करायला सांगितली. किंमत ओरखड्यामुळेच कमी केली आहे, असे दुकानदार म्हणाला. बाबांनी मान डोलावली, आणि जरा वेळाने पुन्हा ओरखडा दाखवला. शेवटी दुकानदार कंटाळला. अशी मी या घरात आले.

घर लहान आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि बंदिस्त करून घेतलेली गॅलरी, तिच्यात आईचे शिवणयंत्र. आई दुकानांसाठी पडदे शिवते. मुलीचे पुढचे दात जरा मोठे आहेत म्हणून तिला सगळे खारू म्हणतात. आणि बाबांची आई, म्हणजे आजी. खारू झाल्यापासून घरातले सगळेच तिला आजी म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणते. मी कपाटाच्या वर राहायचे. तिथून मला घरातले सगळे दिसायचे.

हे घर मला घेऊन समुद्रावरच्या मोठ्या प्रवासी बोटीच्या सफरीला जायचे. आता तुम्ही म्हणाल, असल्या घराला बोटीची सफर कशी परवडते? तीही दर वर्षी? शेजारीपाजारीही हेच विचारत. काहींना वाटे की बाबांना लॉटरी लागली आहे, तर काहींना भलताच संशय येई. खरी गोष्ट साधी होती. हे घर बाकी कशावरच खर्च करत नसे. खारूने आइस्क्रीम मागितले की आई म्हणायची, "बोटीवर." बाबांना बाहेर जेवावेसे वाटले की आई म्हणायची, "बोटीवर." सिनेमा, नवा पंखा, सोफ्याला नवे कापड, सगळ्याला तेच उत्तर. सोफा बोटीवर कसा मिळणार, असे बाबांनी एकदा विचारले. आई म्हणाली, "तिथे बसायला भरपूर आहेत. बसून घ्या."

आणि तिकीटही ते भलत्या वेळी काढायचे. गर्दीचा हंगाम उलटून जाऊ द्यायचा. बोट सुटायला थोडे दिवस राहिले की न विकलेल्या खोल्या स्वस्त होतात, त्याची वाट बघायची. तोवर मी भरलेली, चेन लावलेली, दाराशी उभी. ते दिवस मला नको वाटत. तिकिटे काढून देणाऱ्या बाईंचा फोन आला की सगळे जागच्या जागी थांबत. जायचे की नाही हे मला शेवटपर्यंत कळत नसे, आणि जायचे ठरले तर जास्तच भीती वाटे.

मिळायची ती सगळ्यात खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची खोली. चौघांना एकच. दोन पलंग खाली, दोन भिंतीतून उघडणारे. दिवा घालवला की भर दुपारी डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नसे. जेवण तिकिटातच असायचे, ते मनसोक्त जेवायचे. ज्याला वेगळे पैसे पडतात त्याच्याकडे बघायचेही नाही. बोटीवरचा फोटोग्राफर चौघांचा फोटो काढून विकायला फळ्यावर लावायचा. तो हे लोक विकत घेत नसत. रोज जेवण झाले की चौघे जाऊन बघून येत. गेल्या वर्षीपेक्षा बाबांचे पोट वाढले आहे का, यावर तिथेच चर्चा होई.

पण ही सगळी धडपड कुणासाठी होती, ते सांगायला हवे. आजीने सारी हयात एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काढली होती. दुसऱ्यांच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या. पहिल्या सफरीत आम्ही जेवून खोलीत आलो तर सफाईवाली बाई आजीच्या पलंगावर स्वच्छ चादर घालत होती. आजी दारातच उभी राहिली. बाईने कोपरे खोचले, उशी थोपटली, आणि आजीला म्हणाली, "झोपा आता आरामात." आजी पलंगावर बसली आणि हाताने चादर चाचपत राहिली. "कोपरे नीट बसवलेत हो," एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी बाबांनी ठरवले की काहीही होवो, हिला दर वर्षी आणायचे.

बोटीवर चढताना प्रत्येक बॅगेला एक पट्टी बांधतात. तिच्यावर खोलीचा नंबर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. घरी आल्यावर लोक ती कापून टाकतात. बाबांनी कधी कापली नाही. दर वर्षी जुन्या पट्ट्यांच्या शेजारी नवी पट्टी यायची, आणि माझ्या हँडलला त्यांचा झुबका लोंबायचा. पाहुणे आले की बाबा काहीतरी निमित्त काढून मला कपाटावरून खाली घेत. "हिच्यात जरा स्वेटर आहेत," म्हणत. स्वेटर कधीच नसत. पाहुण्यांचे लक्ष पट्ट्यांकडे गेले की बाबा म्हणत, "हां, ते होय. जातो आम्ही अधूनमधून." मला ते कौतुक आवडायचे, खोटे कशाला बोलू? ओरखड्याची बॅग म्हणून जिने दिवस काढले, तिला एवढा मान मिळाला की ती फुगणारच.

आणखी एक रीत होती. हमाल केला की त्याला काही द्यावे लागते, म्हणून बाबा मला स्वतः ओढत बोटीवर नेत. इतर प्रवासी बॅगा धक्क्यावर सोडून हात हलवत जात, आणि बाबा घाम पुसत माझ्यामागे. मला त्यातच सुख होते. मी कधीच कुणा परक्याच्या हाती गेले नव्हते. म्हणूनच आजीची औषधांची छोटी पिशवी माझ्या पुढच्या कप्प्यात असायची. आजीला दमा आहे. श्वास अडला की तोंडात धरून ओढायचा पंप त्या पिशवीत असतो. आजी पर्स कुठेही विसरते, पण मी काही विसरली जाणार नाही, मी कायम सोबतच असते, असा सगळ्यांचा हिशेब होता. माझाही होता.

मागच्या खेपेला तो हिशेब चुकला.

त्या थंडीत आजीचा दमा वाढला होता. धक्क्यावरून बोटीत जायची चढण लांब होती. आजी थोडे चालली की थांबायची आणि "समुद्र बघते जरा" म्हणायची. तिथून समुद्र दिसतच नव्हता, मालाचे डबे दिसत होते. बाबांनी एका हाताने तिला धरले, दुसऱ्या हाताने मला. आईच्या एका खांद्याला पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्या हाताला खारू. आणि नेमके तिथे माझे चाक निखळले. ते घरंगळत कडेला गेले आणि पाण्यात पडले. मी एका अंगावर कलंडले.

हमाल जवळच उभा होता. "द्या साहेब, खोलीत पोचवतो," तो म्हणाला.

"नको, नको. नेतो मी," बाबा सवयीने म्हणाले.

"अहो, द्या ना एकदा," आई म्हणाली. "आजींना धरा नीट. बॅग काय, येईल मागून."

बाबांनी नवी पट्टी झुबक्यात बांधली, हमालाला पैसे दिले आणि हँडल सोडले. माझ्या पुढच्या कप्प्यात काय आहे हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मला माहीत होते. चौघांच्या पाठी चढणीवर लहान होत गेल्या. मित्रांनो, मला हाक मारता आली असती तर मी तेव्हा मारली असती.

हमालाने मला लोखंडी जाळीच्या गाडीत टाकले. गाडी बोटीच्या पोटात गेली. तिथे दोन माणसे भराभर नंबर वाचून बॅगा वेगळ्या करत होती. एकाने माझा झुबका हातात धरला. नवी पट्टी खाली दबली होती. वर होती ती गेल्या वर्षीची. बोट तीच, मजला तोच, नंबर ठळक. त्याने तो वाचला आणि मला उचलले.

मी मनात म्हणत होते, खालची बघ, खालची बघ. लांब बोळ, एकसारखी दारे. एक दार उघडले, मला आत ठेवले, दार ओढून घेतले. कुलूप आपोआप लागले.

ती आमची गेल्या वर्षीची खोली होती. मी वास ओळखला. पण पलंगांवर चादरी नव्हत्या, नुसत्या गाद्या. ती खोली या वर्षी विकलीच गेली नव्हती. आम्ही ज्या स्वस्त, रिकाम्या खोल्यांची वर्षभर वाट बघायचो, त्यातलीच ती एक, आणि तिच्यात मी एकटी. तिथे कुणी येणार नव्हते.

अंधारात डोळे सरावतात म्हणतात. खिडकीच नसेल तर सरावत नाहीत. जरा वेळाने जमीन थरथरू लागली. इंजिन सुरू झाले होते. बोट सुटली. आता किनाऱ्यावर परत जाणे नाही, औषधाचे दुकान नाही. पुढच्या कप्प्यात ती पिशवी होती, अगदी वरच, चेन ओढली की हाताला लागेल अशी. बोट डोलली की पंप पिशवीत इकडून तिकडे सरकायचा आणि बारीकसा आवाज व्हायचा. तो आवाज मला सहन होईना. आजीला आता त्रास होत असेल का? की मजेत जेवत असेल? चौघे फोटोच्या फळ्यापाशी हसत असतील, असे मी मनाला सांगून पाहिले. मन ऐकेना.

मग बाहेर पावले वाजली. एक बूट जरा घासत चालणारा. गुडघे टेकून फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाची ती चाल होती. बाबा.

"निळी आहे, मोठी," बाबा कुणाला तरी सांगत होते. "एक चाक नाही. पाठीवर ओरखडा आहे."

"बॅगा संध्याकाळपर्यंत येत राहतात, साहेब. खोलीत जाऊन बसा," बोटीवरचा माणूस म्हणाला.

"अहो, तिच्यात औषध आहे. या बाजूच्या खोल्या बघता का जरा?"

"या बाजूला रिकाम्या आहेत. कुणीच नाही इथे."

बाबा माझ्या दारासमोर उभे होते. दाराखालच्या फटीत त्यांच्या बुटांची सावली होती. मी पलंगाला टेकून उभी होते. बोट कलली तर मी पडेन, आवाज होईल, असे मला वाटले. देवाशप्पथ, मी पडायचा प्रयत्न केला. पण चाक नसलेली बाजू अशी पक्की टेकली होती की मी हलले नाही. सावली गेली. पावले लांब गेली.

त्यानंतर काय झाले ते मला पुढे कळले. आमच्या घरात कोणतीही गोष्ट एकदा सांगून संपत नाही, त्यामुळे मला ती आता तोंडपाठ आहे.

आजी वरच्या उघड्या मजल्यावर, कठड्याजवळच्या बाकावर जाऊन बसली होती. "वारा छान आहे, मी इथेच बसते," म्हणाली. एरवी तिची टकळी थांबत नसे. शेजारी बसलेल्या कुणालाही ती चादरींचे कोपरे कसे खोचावेत ते सांगायची. त्या दिवशी ती फक्त मान हलवत होती. खांदे वर जायचे, खाली यायचे. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट रोवले होते.

खारू म्हणाली, "आई, आजीचे ओठ बघ. निळे दिसतायत."

आईने वाकून पाहिले आणि म्हणाली, "चला आजी, डॉक्टरकडे."

"नको," आजी म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "बॅग येईल."

"बॅगेची वाट बघायची नाही. चला."

"इथला डॉक्टर..." आजीने श्वास घेतला. "लई घेतो. पुढच्या वर्षीची... बोट जाईल त्यात."

तेवढ्यात बाबा रिकाम्या हाताने वर आले होते. त्यांनी ते ऐकले. बाबा वाईट नाहीत, मित्रांनो. त्यांच्याइतका जीव आजीवर कुणाचा नाही. पण वर्षानुवर्षे प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत आलेल्या माणसाला हो म्हणायला वेळ लागतो. "अजून थोडं थांबून बघू का?" असे ते म्हणाले. त्या वाक्याची त्यांना आजही भीती वाटते, हे मला माहीत आहे.

"खड्ड्यात गेली तुमची बोट," आई म्हणाली. आई कधी असे बोलत नाही. "धरा त्यांना त्या बाजूने."

दवाखाना खाली होता. आजीला अर्ध्या वाटेत चालवेना. बाबांनी तिला उचलली. ती इतकी हलकी झाली होती की बाबा दचकले. डॉक्टरांनी तिच्या तोंडावर वाफेचा मास्क बसवला, दंडात सुई टोचली, आणि नळी लावता लावता विचारले, "यांचा पंप कुठे आहे?"

"बॅगेत," बाबा म्हणाले.

"आणि बॅग?"

ती सापडत नाही, हे बाबांनी सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. "आणखी जरा वेळ वर बसल्या असत्या तर मला काही करता आलं नसतं," एवढेच ते हळू आवाजात म्हणाले, आणि ते खारूलाही ऐकू गेले. ती अजून कधीकधी आजीचे ओठ बघते. आजी गप्पा मारत असली तरी बघते.

मला यातले काही माहीत नव्हते. मी अंधारात होते. सकाळ झाली हेही मला बोळातल्या बादल्यांच्या आवाजावरून कळले. कुणीतरी नळ तपासायला दार उघडले, दिवा लागला, आणि एका सफाईवाल्या बाईने मला पाहिले. तिने झुबका हातात घेतला, एकेक पट्टी उलटून पाहिली, आणि "अरे देवा" म्हणत मला अर्धवट उचलून, अर्धवट फरपटत आमच्या खऱ्या खोलीपाशी नेले.

दार बाबांनी उघडले. आजी आणि आई दवाखान्यात होत्या, खारू झोपली होती. बाबांनी माझ्या पुढच्या कप्प्याची चेन ओढली. पिशवी वरच होती. पंप हातात घेऊन ते जमिनीवर बसले. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून होते. आजी आहे की नाही, हे मला अजून कुणी सांगितले नव्हते.

मग त्यांनी खिशातली छोटी पक्कड काढली आणि एकेक पट्टी तोडायला लागले. खारू जागी झाली. डोळे चोळत म्हणाली, "बाबा, पहिली ठेवा ना. आजीच्या पहिल्या वेळची."

"नको."

"एकच ठेवा."

"नको म्हटलं ना." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "चल, आजी उठली असेल. तिला सांगू बॅग सापडली." तेव्हा मला कळले, आणि माझ्या अंगातला ताण एकदम गेला. पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात पडल्या. मला त्यांचे काहीच वाटले नाही.

घरी आल्यावर खूप गोष्टी बदलल्या. दवाखान्याच्या बिलात पुढच्या वर्षीची बोट खरेच गेली. मला कपाटावर ठेवायला बाबांचे मन होईना, म्हणून मी आता आजीच्या पलंगाखाली असते. पाहुण्यांना मला कुणी दाखवत नाही. माझ्यावर धूळ बसली आहे आणि पडलेल्या चाकाच्या जागी कुणी नवे बसवलेले नाही. पंपाची पिशवी आईने पडद्याच्या उरलेल्या कापडाची शिवली आहे, लांब दोरीची. ती आजीच्या गळ्यात असते. परवा खारूने आइस्क्रीम मागितले. आईने सवयीने तोंड उघडले, "बो..." आणि थांबली. मग चपला घालून तिला घेऊन गेली.

आजीला मात्र राग आहे. "माझ्यापायी गेली तुमची बोट," ती म्हणते. हंगाम उलटल्यावर तिकिटांच्या बाईंचा फोन आला, स्वस्तात खोली आहे म्हणून. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आजी आतून ओरडली, "बघू म्हणजे नाही. मला काय कळत नाही का?" आणि त्या ओरडण्याने तिला ढास लागली. सगळे कामधाम टाकून तिच्याभोवती जमले. आता आमच्या घरात साध्या खोकल्यालाही असे जमतात.

मित्रांनो, मी एक प्रवासी सामान. मी तुम्हाला काय शिकवणार? पण एवढे ऐका. तुमच्या माणसाचा जीव ज्यात आहे ते औषध बॅगेत टाकू नका, कितीही विश्वासाची बॅग असली तरी. ते त्याच्या अंगावर असू द्या. जुन्या सफरींचे कौतुक जरूर करा, पण नव्या वाटेला लागताना ते उतरवून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी "वारा छान आहे" म्हणून एकटेच गप्प बसले असेल, तर खर्चाचा विचार नंतर करा. आधी जवळ जाऊन त्याचा चेहरा बघा. काटकसर करणाऱ्या घरातली माणसे आपले दुखणेसुद्धा वाचवायला बघतात.

आता दुपार आहे. बाबा कामावर, खारू शाळेत, गॅलरीत आईचे यंत्र चालू आहे. आजी माझ्या वर झोपली आहे. पलंगाच्या फळ्या तिच्या श्वासाबरोबर हळूच वाजतात आणि मी ऐकत असते. कधीकधी मध्येच त्या वाजायच्या थांबतात. आईचे यंत्रही थांबते, म्हणजे तीही कान देऊन असते. आम्ही दोघी पुढच्या श्वासासाठी तशाच थांबतो.

आला.